पावणेपाच म्हणजे किती?

उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याहून पुतण्या आला होता. वय वर्षे सात. मनगटावर आकड्यांचं घड्याळ, त्यात दिवा, गजर, स्टॉपवॉच, सगळं. दुपारी आईने सवयीने त्याला विचारलं, "किती वाजले रे?" तर हा म्हणतो, "आजी, वाजले म्हणजे काय? माझं घड्याळ तर वाजतच नाही."

आई हसली आणि विषय तिथे संपला. माझ्या डोक्यातून मात्र तो जाईना. खरंच, आपण वेळेला 'वाजले' का म्हणतो? आमची आई तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत मास्तरीण होती, बराचसा काळ दारव्हा-दिग्रस भागातल्या खेड्यांत. तिसरीच्या वर्गाला 'कालमापन' तिने किती वेळा शिकवलं असेल याची गणती नाही. तेव्हा काही तिला विचारलं, काही पुस्तकांत शोधलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडतोय. नातेवाईक मंडळींना यातलं थोडं ठाऊक असेल, त्यांनी तेवढं ओलांडून पुढे जावं.

आधी शब्दाचं बघू. आपल्याकडे वेळ मोजायचं जुनं साधन म्हणजे घटिकापात्र. तांब्याची पातळ वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक. ही वाटी पाण्याने भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. भोकातून पाणी आत येत जातं आणि वाटी भरली की बुडते. वाटी बुडायला जेवढा वेळ लागतो ती एक घटका. अशा साठ घटकांचा एक दिवस-रात्र, म्हणजे आजच्या हिशेबाने एक घटका २४ मिनिटांची. साडेसात घटकांचा, म्हणजे तीन तासांचा, एक प्रहर. घटी, घडी, घड्याळ हे सगळे शब्द त्या वाटीतून निघालेले. 'घडीभर बस की' म्हणताना आपण पाहुण्याला चोवीस मिनिटं देतो आहोत हे कुणाच्या गावीही नसतं. आणि 'त्याची घटका भरली' हा वाक्प्रचार तर शब्दशः त्या वाटीचाच आहे. भरली की बुडालीच.

भास्कराचार्यांच्या लीलावतीची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असेल. लग्नघटका बघायला ठेवलेल्या वाटीत तिच्या दागिन्यातला मोती पडला, भोक बुजलं, वाटी बुडालीच नाही आणि मुहूर्त टळला. गोष्ट खरी असण्याची शक्यता कमीच. 'लीलावती' बाराव्या शतकातली, आणि ही कथा आपल्यापर्यंत येते ती अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरातून. पण घटिकापात्र कसं चालतं हे पोरांना सांगायला हिच्याइतकी चांगली गोष्ट दुसरी नाही. आईसुद्धा तीच सांगायची.

आता वाटी बुडाली हे गावाला कळणार कसं? त्यासाठी माणूस बसवलेला असे. वाटी बुडाली की तो धातूच्या थाळीवर टोला हाणी. ती थाळी म्हणजे तास. मूळ फारसी-अरबीतला 'तास' म्हणजे पसरट भांडं, आपल्याकडे ती वाजवायची थाळी झाली, आणि पुढे थाळी वाजण्यामधला काळ म्हणजेच तास झाला. म्हणजे मराठीत वेळ दिसत नव्हती, ऐकू येत होती. वेळ 'वाजते' ती यामुळे. पुतण्याचा प्रश्न बरोबर होता, फक्त दोनेकशे वर्षं उशिरा आला.

गंमत म्हणजे शाळेने हे दोन्ही अर्थ जपून ठेवले. शाळेच्या व्हरांड्यात रेल्वेच्या रुळाचा तुकडा तारेने टांगलेला असायचा आणि शिपाई त्यावर लोखंडी सळईने टोले द्यायचा. तोच जुना तास! आणि 'गणिताचा तास' म्हणजे पस्तीस मिनिटं. आई सांगते की साठ मिनिटांचा एक तास असं फळ्यावर लिहिलं की एखादं चुणचुणीत पोट्टं उठून विचारायचंच, "बाई, मग आपला तास लवकर काहून संपते?"

माझ्या आजीला (वडिलांच्या आईला) घड्याळ वाचता येत नव्हतं. पण तिला वेळ कळत नव्हती असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पहाटे झुंजूमुंजू, मग रामप्रहर, न्याहारीची वेळ, डोक्यावर ऊन, उन्हं उतरली, दिवेलागण, निजानीज. संध्याकाळ मोजायला कासरा. बैलाचा कासरा हातात धरून क्षितिजापासून जेवढा लांब दिसेल तेवढा दिवस वर राहिला, तो 'कासराभर दिवस'. रात्री जागलीला गेलेली माणसं तिकांडं, म्हणजे मृगातल्या त्या तीन चांदण्या, कुठवर आल्या ते बघून वेळ सांगत. या सगळ्यात मिनिट नाही. मिनिटाची गरजच नव्हती. गरज पडली ती आगगाडीमुळे.

ही आगगाडी कशी आली ते थोडं विस्ताराने सांगतो, कारण आपल्या भागातलं घड्याळ तिच्याच मागे बसून आलं. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. काळी जमीन आणि कापूस हे त्यांना हवंच होतं. जीआयपी रेल्वेचा मुंबईहून येणारा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून १८६७ साली नागपूरला पोचला. यवतमाळ मात्र बाजूलाच राहिलं. तेव्हा जिल्ह्याचं नावही यवतमाळ नव्हतं, वणी होतं, इंग्रजी कागदांत 'वून'. १९०५ साली ते बदललं. त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, यवतमाळ ते मूर्तिजापूर अशी अडीच फुटी रूळ असलेली छोटी गाडी आली. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने काढलेली, कापूस मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी. तीच आपली शकुंतला. १९९४ सालापर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं, १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेलं. म्हणजे कापूस मँचेस्टरला जायचा आणि त्या बदल्यात तिकडून इंजिन आलं, असा व्यवहार. असो.

आता गाडीला वेळापत्रक लागतं आणि वेळापत्रकाला प्रश्न पडतो की वेळ कुणाची? सूर्य माथ्यावर आला की बारा, हे प्रत्येक गावाचं आपापलं. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो त्याच्या साधारण २१ मिनिटं आधी तो यवतमाळात आलेला असतो. मद्रासेत आपल्याही जवळजवळ ९ मिनिटं आधी. रेल्वेने १८७० पासून सगळ्या देशाला मद्रासची वेळ लावली. म्हणजे मूर्तिजापूरच्या फलाटावर मद्रासचे बारा, बाहेर बाजारात वऱ्हाडाचे पावणेबाराच्या पुढचे काहीतरी, आणि कापसाचा भाव ज्या मुंबईत ठरणार तिथे साडेअकरा. कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला यातलं काय डोंबल कळणार? त्याने आपला दिवस बघितला आणि गाडी जोडली.

१ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची एकच वेळ ठरली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. ती अलाहाबादजवळून जाणाऱ्या रेषेवरची, म्हणजे ८२.५ अंश रेखांशाची. यवतमाळ ७८ अंशांच्या किंचित पुढे. प्रत्येक अंशाला चार मिनिटं, या हिशेबाने आपलं घड्याळ आपल्या सूर्याच्या साडेसतरा मिनिटं पुढे पळतं. अजूनही! मुंबईकरांना ही वेळ ३९ मिनिटांनी पुढची पडत होती, त्यांनी मोठा आरडाओरडा केला. गिरणीकामगार चिडले, महानगरपालिकेने स्वतःच्या घड्याळांवर 'मुंबई टाइम' चालूच ठेवला, तो थेट स्वातंत्र्यानंतरपर्यंत. आपल्याकडे असा काही दंगा झाल्याचं ऐकिवात नाही. सतरा मिनिटांनी काय होतं म्हणा.

पुढे महायुद्धात, सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५, सरकारने सगळी घड्याळं अजून एक तास पुढे ढकलली. आजोबा सांगायचे की त्या तीन वर्षांत कुणी वेळ सांगितली की समोरचा विचारायचा, "नवा टाइम का जुना?" आजीचा मात्र टाइम तोच. कासरा काही सरकारने लांब केला नव्हता.

तर अशा घड्याळ नसलेल्या गावांत आई घड्याळ शिकवायला जायची. हे सत्तरच्या दशकातलं सांगतोय. शाळेत एक भिंतीवरचं किल्लीचं घड्याळ, ते हेडमास्तरांच्या खोलीत. किल्ली शनिवारी दिली जायची. ते किती बरोबर आहे हे ठरवायला गावात कुणाकडे तरी ट्रान्झिस्टर असे, आकाशवाणीच्या बातम्या लागल्या की काटे हलवायचे. मनगटी घड्याळ म्हणजे लग्नात मिळायची वस्तू. घड्याळ, सायकल, रेडिओ ही जावईबापूंची त्रिमूर्ती. १९६१ साली एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली, तेव्हा ते जरा आवाक्यात आलं. देवनागरी आकड्यांच्या तबकडीचीही घड्याळं एचएमटीने काढली होती. आमच्या मामांकडे तसलं एक होतं. रोज सकाळी ते कानाशी धरून चावी द्यायचे. (मामी, ते अजून आहे का कपाटात? असेल तर टाकू नका. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना २०१६ सालीच बंद झाला.)

पोरांच्या घरी तर घड्याळ नव्हतंच. बरीचशी तांड्यावरची, घरी गोरमाटी बोलणारी. काही कोलामांची. पाठ्यपुस्तकात घड्याळाचं चित्र होतं, पण चित्रातले काटे फिरत नाहीत. आईने पहिल्याच वर्षी पुठ्ठ्याचं घड्याळ केलं. काटे टिचबटणाने जोडलेले. त्याचा त्रास असा की दोन्ही काटे सुटे. पोरगं मोठा काटा सहावर नेई आणि लहान काटा बरोबर चारवरच ठेवी, आणि म्हणे साडेचार. खऱ्या घड्याळात असं कधी होतच नाही. लहान काटा तोवर चार आणि पाचच्या मध्ये गेलेला असतो. आईच्या मते घड्याळ न येण्याचं अर्धं कारण हे पुठ्ठ्याचं घड्याळच.

मग तिने मैदानावर फक्कीने मोठं वर्तुळ काढलं. बारा पोरं बारा ठिकाणी बसवली. एक पोरगा मोठा काटा, एक पोरगी लहान काटा. नियम एकच, मोठ्या काट्याने पूर्ण चक्कर मारायची आणि तेवढ्या वेळात लहान काट्याने फक्त एका घराहून दुसऱ्या घरी जायचं. एकदम उडी नाही, हळूहळू, तो अर्ध्या चकरीत असेल तर तूही अर्ध्या वाटेवर. लहान काट्याचं काम अवघड, ते ती वर्गातल्या सगळ्यात शांत पोरीला द्यायची. मोठा काटा एसटी, लहान काटा बैलगाडी, असं म्हटलं की पोरांना लगेच पटायचं. नाहीतर लहान पोरांचा ठाम समज असतो की जो काटा मोठा तो मोठी गोष्ट दाखवणार, म्हणजे तास. वेळ, वेग आणि अंतर यांची मुलांच्या डोक्यात कशी सरमिसळ असते यावर पियाजे नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली एक आख्खं पुस्तक लिहिलं, आणि तो प्रश्न त्याला आईनस्टाईनने सुचवला होता म्हणे. आईने पियाजे वाचला नव्हता. तिने फक्कीचं पोतं मागवलं होतं.

आता माझा खरा मुद्दा. आई म्हणते की जुन्या पोरांना घड्याळ लवकर यायचं, आणि त्याचं कारण घड्याळात नव्हतं, पाढ्यांत होतं. जुन्या शाळांत एकापासून तिसापर्यंतचे पाढे तर होतेच, शिवाय पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. म्हणजे पावचा, अर्ध्याचा, पाऊणचा, सव्वाचा, दीडचा, अडीचचा आणि साडेतीनचा पाढा! संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की परवच्यात हे सगळं घोकायचं. आजोबा ऐंशीव्या वर्षीही औटकी घडाघडा म्हणायचे. त्या मुलांना पाव, अर्धा, पाऊण हे शब्द नव्हते, माप होतं. पावशेर तेल, अर्धा पाव चहा, पाऊण आणे. घड्याळाची तबकडी म्हणजे त्यांच्या दृष्टीने एक रुपया, चार पावल्यांचा. सव्वा, साडे, पावणे तिथे आपोआप बसले.

आपल्या या शब्दांत जुनी भाषा कशी लपली आहे बघा. साडेतीन, साडेचार, साडेपाच म्हणतो, पण साडेएक आणि साडेदोन नाही म्हणत. तिथे दीड आणि अडीच. अडीच म्हणजे संस्कृतातलं अर्धतृतीय, तिसरा अर्धा, म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा. औट म्हणजे अर्धचतुर्थ, तिसऱ्याच्या पुढे चौथा अर्धा. जर्मन लोक साडेचारला अजूनही 'अर्धे पाच' म्हणतात, तीच तऱ्हा. आणि पावणे? पावणेपाच म्हणजे पाचाला पाव कमी. हे सगळे शब्द पुढे बघून बोलतात. चार वाजून गेले इकडे त्यांचं लक्ष नाही, पाच येताहेत इकडे आहे.

काट्यांच्या घड्याळात हे डोळ्यांना दिसतं. पावणेपाचला लहान काटा पाचाला जवळजवळ टेकलेला असतो. मोठ्याला एकच पाव चक्कर मारायची उरलेली. पोरगं बघून म्हणतं पावणेपाच. आकड्यांच्या घड्याळात दिसतं काय? ४:४५. त्यात पाच कुठे आहे? कुठेच नाही. पुतण्याने पावणेपाचला घड्याळात ५:४५ शोधलं होतं, आणि त्याच्या बाजूने विचार केला तर दुसरं काय शोधणार? त्याने शब्दातला पाच ऐकला.

सगळे म्हणतात की आकड्यांचं घड्याळ सोपं, नुसतं वाचायचं. इंग्रजीत सोपं असेल. मराठीत जरा वाचून बघा. ४:४७. डोळ्यांना आधी चार दिसतो, मग सात. तोंडाने म्हणायचं 'सत्तेचाळीस', आधी सात मग चाळीस. उलटं! त्याहून वाईट म्हणजे ४:५९. डोळ्यासमोर पाच आणि नऊ, आणि म्हणायचं एकोणसाठ, म्हणजे साठाला एक कमी. साठ हा आकडा त्या घड्याळात कधी उमटतच नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांची हीच गत. काट्यांच्या घड्याळाला पाचाचा पाढा पुरतो, बारा शब्द. आकड्यांच्या घड्याळाला शून्यापासून एकोणसाठपर्यंत साठ शब्द लागतात आणि मराठीत त्यातला जवळजवळ प्रत्येक वेगळा पाठ करावा लागतो. बावन्न आणि बासष्ट यांत चुकणारी मोठी माणसं मी बघितली आहेत.

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला गदारोळ आठवतो का? एकवीसऐवजी 'वीस एक', सत्तावीसऐवजी 'वीस सात' असं वाचायची सोय त्यात केली होती. मंगला नारळीकर समितीच्या अध्यक्ष होत्या. किती टिंगल झाली, विधानसभेपर्यंत गोष्ट गेली. बाईंनी परोपरीने सांगितलं की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो म्हणून दोन्ही दिलेत. त्या आता नाहीत, २०२३ साली गेल्या. तेव्हा मीही चार लोकांसारखा वाद घालत होतो, पण वादाच्या कुठल्याच बाजूला मन लागत नव्हतं. आता पुतण्याकडे बघून वाटतं, बाईंचा आजार ओळखण्यात काही चूक नव्हती. औषधाबद्दल मी अजून साशंक आहे. 'चार वाजून चाळीस सात मिनिटं' माझ्या कानाला सोसवत नाही. पण माझ्या कानाचं काय, वाचायचं पोराला आहे.

प्रत्यक्षात झालंय असं की पोरांनी स्वतःच तोडगा काढलाय. काट्यांचं घड्याळ आलंच तर मराठीत, आणि आकड्यांचं सरळ इंग्रजीत. यवतमाळच्या बसस्टँडवर उभं राहून ऐका. कॉलेजची पोरं अख्खं वाक्य वऱ्हाडीत बोलतात आणि मध्ये वेळ तेवढी इंग्रजीत. 'फोर फॉर्टीफाइव्हले येजो.' याला मी नावं ठेवत नाही. पण पावणे आणि सव्वा हे शब्द एकदा तोंडातून गेले की फक्त वेळेतून जात नाहीत. मजुराच्या हिशेबातून, दुधाच्या मापातून, पाऊण एकराच्या वाटणीतूनही जातात. आमच्याकडे पाऊण एकरावरून भाऊभाऊ कोर्टात गेलेले आहेत. तिथे पाऊण म्हणजे किती हे नीट ठाऊक असलेलं बरं.

इंग्लंडात २०१८ साली बातमी आली होती की काही शाळांनी परीक्षेच्या हॉलमधली काट्यांची घड्याळं काढून आकड्यांची लावली, कारण दहावीच्या वयाच्या मुलांना काट्यांवरून किती वेळ उरला ते कळत नव्हतं आणि घाबरायला होत होतं. वाचून लोक हसले. मला हसू नाही आलं. 'किती वेळ उरला' हेच तर काट्यांच्या घड्याळात एका नजरेत दिसतं, आकड्यांत वजाबाकी करावी लागते. जे घाबरलं त्या पोराला सोपं म्हणून अवघड दिलं असं माझं मत. अर्थात मी पडलो मास्तरणीचा मुलगा.

आपल्याकडे उलटा प्रकार आहे. शिष्यवृत्तीच्या आणि नवोदयच्या परीक्षांत काट्यांचं घड्याळ अजून ठाण मांडून बसलंय. दोन काट्यांमधला कोन किती, आरशात घड्याळ असं दिसतं तर खरे किती वाजले, वगैरे. शिकवणीवाले पोरांना युक्ती देतात, ११:६० मधून दिसलेली वेळ वजा करा. उत्तर बरोबर येतं. म्हणजे ज्या पोराला घड्याळ वाचता येत नाही तेही आरशातलं घड्याळ सोडवून नवोदयला जाऊ शकतं! आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "गेलं तर जाऊ दे. तिथे शिकेल."

अजून एक घड्याळ खेड्यातल्या मुलांनी शाळेबाहेर शिकलं, ते चोवीस तासांचं. एसटीच्या वेळापत्रकाचं. १४.३० म्हणजे अडीच, १६.४५ म्हणजे पावणेपाच. आमच्या जिल्ह्यातल्या बहुतेक गावांनी रेल्वे फक्त ऐकली, एसटी बघितली. चार वर्ग शिकलेला माणूससुद्धा फलकावरचा आकडा वाचून मनात बारा वजा करतो. आणि दुसरं, विजेचं वेळापत्रक. शेतीच्या पंपाला थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. आठवडा बदलला की पाळी बदलते. रात्रीच्या पाळीत ओलिताला जायचं तर एक वाजता उठायचं, साप-विंचवाच्या वाटेने. तिथे कासराही नाही आणि तिकांडंही बघायला वेळ नाही. गजर लावता आला पाहिजे, आणि त्यातला १२ हा दुपारचा की रात्रीचा हे कळलं पाहिजे. आईचे जुने विद्यार्थी कधी भेटले तर कविता कुणाला आठवत नाही, घड्याळाचं वर्तुळ सगळ्यांना आठवतं. त्यातला एक म्हणाला, "बाई, मी मोठा काटा होतो. आता रात्रभर मोटर चालू-बंद करतो, तोच काटा आहे अजून."

आता राहिली सावलीची गोष्ट. एका शाळेच्या व्हरांड्याला लाकडी खांब होते. पुठ्ठ्याच्या घड्याळाला कंटाळून आईने एकदा दर तासाला टोला पडला की खांबाची सावली जिथे पडेल तिथे गेरूने रेघ मारायला लावली. दिवसभरात सहा-सात रेघा झाल्या. दुसऱ्या दिवसापासून पोरं टोल्याच्या आधीच सावली बघून ओरडू लागली, "बाई, सुट्टी!" शिपाई वैतागला. महिना-दीड महिना हे ठीक चाललं, मग दुपारच्या सुट्टीची सावली रेघेवर येईना. पोरांत दोन पक्ष पडले. एक म्हणे हेडमास्तरांचं घड्याळ बिघडलं, दुसरा म्हणे सूर्य सरकला. आईला तेव्हा पूर्ण उत्तर ठाऊक नव्हतं, तिने मुलांना नव्या रंगाने दुसरी रेघ मारायला सांगितली.

उत्तर असं की दोघंही थोडे थोडे बरोबर. घड्याळ वर्षभर एकसारखं चालतं, सूर्य नाही चालत. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा थोडी लांबट आहे, त्यामुळे सूर्य कधी घड्याळाच्या पुढे तर कधी मागे. यवतमाळात सरासरी माध्यान्ह बारा वाजून सतरा-अठरा मिनिटांनी होते. पण फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती बारा एकतीस-बत्तीसपर्यंत मागे जाते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून एका मिनिटावर येते. अर्ध्या तासाचा फरक! शिवाय २२-२३ मेच्या सुमारास भरदुपारी सावली नाहीशीच होते, आणि तिथून जुलैच्या विशीपर्यंत सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो. त्या दोन महिन्यांत भर दुपारच्या सुमारास उभ्या काठीची सावली घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. काटे उजवीकडे फिरतात ते उत्तरेकडच्या देशांतल्या सावलीचं बघून. वऱ्हाडात घड्याळ जन्मलं असतं तर जूनमध्ये त्याची पंचाईतच झाली असती.

पुतण्या सुट्टी संपवून पुण्याला गेला तेव्हा पावणे आणि सव्वा शिकून गेला. अडीचला अजून कधीकधी साडेदोन म्हणतो. आईने त्याला गच्चीवर विटांत काठी रोवून दिली होती, ती मी काढलेली नाही. विटकरीच्या सात रेघा आहेत, मेमधल्या, पावसाने आता पुसट झाल्यात. दिवाळीच्या सुमारास येणारे कुणी असतील तर ३ नोव्हेंबरला दुपारी बाराच्या आत गच्चीवर या. बारा वाजून एक मिनिटाला सावली बरोबर उत्तरेला आली पाहिजे. येताना आपापली घड्याळं रेडिओला लावून आणा, आणि मामा, तुमचं किल्लीचं असेल तर तेही.